वहीतले चार रंग आणि सदसद्विवेकबुद्धी

कॅथॉलिक जोडप्यांच्या लग्नाआधीच्या तयारी शिबिरात फादर विवाहसंस्काराविषयी बोलतात, डॉक्टर तपासण्यांविषयी बोलतात आणि शेवटच्या तासाला कोणीतरी घाईघाईने सांगून टाकते, ‘गोळ्या, निरोध, तांबी, ऑपरेशन ख्रिस्तसभेला मान्य नाही, नैसर्गिक पद्धत वापरा.’ मग प्रमाणपत्रं वाटली जातात. ती नैसर्गिक पद्धत म्हणजे रोज रात्री नेमकं काय करायचं, ती कुठे आणि का चुकते, आणि ‘आमच्या मनाला पटेल तसं आम्ही करू’ या वाक्याला ख्रिस्तसभा किती जागा देते, हे मात्र सांगायचं राहून जातं. आम्ही नवरा-बायको या प्रक्रियेतून गेलो आणि आता नाशिक परिसरातल्या जोडप्यांना गर्भ राहू शकणारे दिवस ओळखायची रोजची वही भरायला शिकवतो. कामाचं तेवढंच इथे क्रमाने लिहितो आहोत.

सुरुवात वहीने होत नाही. सुरुवात दोन प्रश्न वेगळे करण्याने होते. पहिला प्रश्न: आत्ता आम्हाला मूल हवं का, किती हवीत, कधी हवीत? दुसरा प्रश्न: नको असेल तर ते टाळण्यासाठी काय करायचं? या दोन प्रश्नांची गल्लत इतकी सर्रास होते की पुढचा सगळा गोंधळ तिच्यातूनच निघतो. पहिला प्रश्न पूर्णपणे नवरा-बायकोचा आहे. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६५ मध्ये स्पष्ट लिहिलं की हा निर्णय अखेर त्या दोघांनीच देवासमोर घ्यायचा. फादरांनी नाही, सासूबाईंनी नाही, डॉक्टरांनी नाही आणि सरकारनेही नाही. दुसऱ्या प्रश्नात मात्र आपली सदसद्विवेकबुद्धी नियम तयार करत नाही. नियम आधीपासून आहे, बुद्धीने तो ओळखायचा आणि आपल्या परिस्थितीला लावायचा. पती-पत्नीच्या मिलनाचे दोन अर्थ आहेत, दोघांना एकत्र आणणं आणि नव्या जीवाला वाट मोकळी ठेवणं. ते मुद्दाम एकमेकांपासून तोडायचे नाहीत. २५ जुलै १९६८ च्या ‘हुमाने व्हिते’ या विश्वपत्रात, म्हणजे सगळ्या ख्रिस्तसभेला लिहिलेल्या पत्रात, पोप सहावे पॉल यांनी मांडलेलं सूत्र एवढंच आहे. ज्यांना मूळ वाचायचं आहे त्यांनी परिच्छेद १० ते १६ वाचावेत, अर्ध्या तासाचं काम आहे.

नाशिकमध्ये हा विषय काढला की एक शंका हमखास येते. शरणपूरचे नातेवाईक प्रोटेस्टंट, त्यांच्याकडे असा नियम नाही, मग एकाच बायबलमधून दोन निष्कर्ष कसे? याला तारखा आहेत. १९३० पर्यंत या बाबतीत जवळपास सगळ्या ख्रिस्ती पंथांचं म्हणणं एकच होतं. त्या वर्षी अँग्लिकन बिशपांच्या लॅम्बेथ परिषदेने काही परिस्थितीत कृत्रिम साधनांना वाट मोकळी केली आणि त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला पोप अकरावे पायस यांनी ‘कास्ती कोनूबी’ या विश्वपत्रातून कॅथॉलिक भूमिका पुन्हा सांगितली. पुढे गोळी आल्यावर हा प्रश्न रोममध्ये एका आयोगापुढे गेला. त्या आयोगात मुंबईचे कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशस हेही होते. आयोगातल्या बहुसंख्यांचं मत बदलाच्या बाजूने गेलं, पोपनी ते स्वीकारलं नाही. हा इतिहास जोडप्यांपासून लपवू नये असं आमचं ठाम मत आहे. दुसरीकडून कळला की त्यांना फसवल्यासारखं वाटतं. नियमावर चर्चा झाली होती, विचार झाला होता, आणि तरीही तो कायम राहिला, हे कळलं तर माणूस निदान कारणं विचारायला लागतो.

आता सदसद्विवेकबुद्धी. ‘फादर म्हणाले चालेल’ हे सदसद्विवेकबुद्धीचं उत्तर नव्हे. एका धर्मगुरूने नाही म्हटलं म्हणून दुसऱ्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) जाऊन हो मिळवणं हेही नव्हे. कोणत्याही धर्मगुरूला या बाबतीत सूट देण्याचा अधिकारच नाही. दुसऱ्या टोकाला ‘मला आतून वाईट वाटत नाही’ हेही पुरेसं नाही, कारण भावना आणि निर्णय वेगळे असतात. कॅथॉलिक धर्मशिक्षण ग्रंथ म्हणतो की निश्चित झालेल्या सदसद्विवेकाचं ऐकलंच पाहिजे, आणि लगेच पुढे म्हणतो की सत्य शोधण्याची तसदीच न घेतल्यामुळे तो चुकत असेल तर त्या चुकीची जबाबदारी आपलीच. तसदी घेणं म्हणजे काय, तर चार गोष्टी. शिकवण मूळातून वाचणं, तिची कारणं समजून घेणं, आपल्या घरची वस्तुस्थिती प्रामाणिकपणे मांडणं आणि प्रार्थना करणं. या चारही झाल्यावर जो निर्णय उरतो तो सदसद्विवेकाचा. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ मध्ये धर्मगुरूंना आठवण करून दिली की त्यांचं काम सदसद्विवेक घडवण्याचं आहे, त्याची जागा घेण्याचं नाही. दोन्ही बाजूंनी ते लागू होतं.

वस्तुस्थिती मांडण्यासाठी आम्ही जोडप्याला एक कोरं पान देतो आणि त्यावर चार रकाने आखायला सांगतो: शरीर, पैसा, मन, समाज. हे चार आमचे नाहीत, ‘हुमाने व्हिते’च्या दहाव्या परिच्छेदातूनच घेतलेले आहेत. नवऱ्याने आणि बायकोने वेगवेगळ्या पानांवर भरायचे आणि मगच एकमेकांना दाखवायचे. एकत्र बसून भरले की जो जास्त बोलतो त्याचंच पान तयार होतं. शरीराच्या रकान्यात मोघम नको. मागचं बाळंतपण सिझेरियन होतं का, किती महिने झाले, हिमोग्लोबिन किती, थायरॉइडची, फिट्सची किंवा क्षयाची औषधं चालू आहेत का, हे लिहायचं. जागतिक आरोग्य संघटना एका बाळंतपणानंतर पुढचा गर्भ राहण्याआधी किमान २४ महिन्यांचं अंतर सुचवते, ते इथे उपयोगी पडतं. पैशाच्या रकान्यात महिन्याची आवक, घराचा हप्ता, शाळेची फी आणि गावी पाठवायची रक्कम आकड्यांत. सातपूर-अंबडच्या कंपनीत कंत्राटी काम करणाऱ्याचा ‘पैसा पुरत नाही’ आणि पक्की नोकरी असून गाडी बदलायची आहे म्हणणाऱ्याचा ‘पैसा पुरत नाही’ यांतला फरक आकडे लिहिले की आपोआप दिसतो. मनाच्या रकान्यात बाळंतपणानंतरची उदासी, नवऱ्याची दारू, झोप. हा रकाना बहुतेक पुरुष रिकामा सोडतात आणि बायकांच्या पानावर तोच सगळ्यात भरलेला असतो. समाजाच्या रकान्यात घरातले आजारी वडीलधारे, भाड्याच्या दोन खोल्या, नोकरीची बदली.

पान भरल्यावर विचारायचा प्रश्न एकच: ही कारणं रास्त आहेत का? नैसर्गिक पद्धत वापरली म्हणजे आपोआप सगळं बरोबर झालं असं नाही. कारणाशिवाय वर्षानुवर्षं मूल टाळणं वही भरूनही चुकीचंच ठरू शकतं. उलट बाजूही तितकीच खरी आहे. ‘देव देईल तितकी’ म्हणून बायकोच्या तब्येतीकडे डोळेझाक करणं ही श्रद्धा नाही. जबाबदार पालकत्व म्हणजे विचारपूर्वक जास्त मुलं होऊ देणंही आणि रास्त कारणासाठी थांबणंही. दर सहा महिन्यांनी पान नव्याने भरायचं, कारण कारणं जुनी होतात आणि सवय मात्र तशीच राहते.

आता वही.

साधी आखीव वही आणि चार रंग, त्यातला पांढरा म्हणजे वहीचा कोरा रकानाच. रविवार कारंजाच्या कुठल्याही दुकानात मिळतात, खास तक्ता मागवायची गरज नाही. बिलिंग्ज दांपत्याने ऑस्ट्रेलियात मेलबर्नला विकसित केलेली पद्धत आम्ही शिकवतो. त्यांचं काम १९५३ मध्ये सुरू झालं. या पद्धतीत थर्मामीटर लागत नाही, कॅलेंडरचं गणित लागत नाही आणि आत बोट घालून तपासणी तर अजिबात करायची नाही. दिवसभर चालता-बसता, लघवीला जाता-येता बाहेरच्या भागाला काय जाणवतं याकडे लक्ष ठेवायचं: कोरडं, ओलसर, की बुळबुळीत. काही दिसलं तर तेही. रात्री झोपण्यापूर्वी दिवसातलं सगळ्यात ओलसर जाणवलेलं एकच निरीक्षण लिहायचं. रक्तस्राव असेल तर लाल. कोरडा दिवस असेल तर हिरवा. स्राव पातळ, ताणला जाणारा किंवा बुळबुळीत होत चालला असेल तर रकाना पांढरा सोडून त्यात बाळाची खूण. स्राव आहे पण दिवसेंदिवस जसाच्या तसाच राहतो, बदलत नाही, तर पिवळा.

‘अंगावरून पांढरं जाणं’ हे आपल्याकडे आजाराचंच नाव आहे, त्यामुळे अनेक बायका इथे दचकतात. दर महिन्याला ठरावीक दिवस येणारा, कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या भागासारखा, पाकासारखी तार सुटणारा स्राव हा आजार नाही. बीज तयार होत असताना गर्भाशयाच्या तोंडाशी तो तयार होतो आणि शुक्राणूंना जिवंत ठेवतो. खाज, जळजळ, दुर्गंधी, हिरवट रंग असेल तर मात्र तो संसर्ग. त्याच्यासाठी डॉक्टरकडे जायचं, आणि आत ठेवायच्या गोळ्या चालू असतील तितके दिवस वहीवर भरवसा ठेवायचा नाही.

बुळबुळीतपणाचा शेवटचा दिवस म्हणजे शिखरदिन. तो त्या दिवशी ओळखता येत नाही. दुसऱ्या दिवशी कोरडं किंवा चिकट झालं की मग कळतं, काल शिखर होतं. पद्धतीतली सगळ्यात जास्त चूक इथेच होते. स्राव भरपूर असलेला दिवस म्हणजे शिखर असं समजलं जातं. पण शेवटचा दिवस कधी कधी फक्त जाणवतो, दिसत काहीच नाही. म्हणून जाणीव आधी लिहायची, दृश्य नंतर.

नियम चारच आहेत. पहिले तीन शिखराआधीचे. जास्त रक्तस्रावाच्या दिवसांत जवळ यायचं नाही, कारण पाळीचं चक्र लहान असेल तर रक्ताखाली सुपीक स्राव झाकला जाऊ शकतो. नंतरच्या हिरव्या किंवा पिवळ्या दिवसांत फक्त रात्री आणि एक दिवसाआड. रात्री, कारण दिवसभर उभं राहिल्याशिवाय स्राव आहे की नाही हे कळत नाही. एक दिवसाआड, कारण वीर्याचा ओलसरपणा दुसऱ्या दिवशी निरीक्षण बिघडवतो. तिसरा, बदल दिसला की लगेच थांबायचं, आणि तो बदल शिखर न होताच ओसरला तरी आणखी तीन दिवस थांबायचं. चौथा नियम शिखरानंतरचा: वहीत १, २, ३ लिहायचे, त्या तीन दिवसांत थांबायचं आणि चौथ्या दिवसाच्या सकाळपासून पुढच्या पाळीपर्यंत मोकळीक. कारण सरळ आहे. शुक्राणू सुपीक स्रावात पाच दिवसांपर्यंत जगू शकतात, बीज मात्र १२ ते २४ तासच.

शिकताना पहिले दोन ते चार आठवडे अजिबात जवळ यायचं नाही, म्हणजे आपला मूळ नमुना स्वच्छ दिसतो. नवीन जोडप्यांना हे कठीण जातं. ते मोडलं जातं आणि पहिला महिना वाचता येत नाही. मग ‘आम्हाला जमत नाही’ असा निष्कर्ष निघतो. पद्धत अजून सुरूच झालेली नसते.

ज्यांना दुहेरी खात्री हवी ते सकाळचं तापमानही घेतात. बीज सुटल्यानंतर शरीराचं विश्रांतीतलं तापमान सुमारे ०.२ अंश सेल्सिअसने चढतं. आधीच्या सहा दिवसांपेक्षा सलग तीन दिवस वर राहिलं तर बीज सुटून गेलं असं धरतात. उठण्याआधी, रोज एकाच वेळी, पाणीही न पिता. इथे नाशिकची जीवनपद्धती आड येते. नोटांच्या छापखान्यात किंवा औद्योगिक वसाहतीत पाळ्या बदलणाऱ्यांना एकच वेळ मिळत नाही. ऑक्टोबरच्या छाटणीत पहाटे पाचला दिंडोरी-निफाडच्या बागांत जाणाऱ्या बाईला अंथरुणात पाच मिनिटं पडून राहायला कोण देणार? हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला रात्री जागून आल्यावरचा आकडाही धरायचा नाही. त्याच्यावर ‘जागरण’ लिहून सोडून द्यायचा. अशांना आम्ही तापमान शिकवतच नाही, निरीक्षणावरच ठेवतो.

परिणामकारकतेबद्दल खोटं बोलू नये. जागतिक आरोग्य संघटनेने १९७० च्या दशकात पाच केंद्रांवर या पद्धतीचा अभ्यास केला, त्यात बंगळूर होतं. नियम तंतोतंत पाळले तेव्हा वर्षात शंभरात सुमारे तिघींना गर्भ राहिला. पण प्रत्यक्षात जसं पाळलं गेलं तसं मोजलं तर आकडा वीसच्या आसपास गेला. स्राव आणि तापमान दोन्ही काटेकोर पाहणाऱ्या जर्मनीतल्या अभ्यासात, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सुपीक दिवसांत पूर्ण थांबलेल्या जोडप्यांत तो शंभरात एकाच्याही निम्म्याहून कमी होता. तीन आणि वीस यांतलं अंतर पद्धतीमुळे पडत नाही. बायकोने पांढरा दिवस लिहिला आणि नवरा म्हणाला ‘आजचा एकच दिवस’, तिथे ते पडतं.

म्हणून वही दोघांची असते. निरीक्षण बायकोचं, पण रंग नवऱ्याने भरायचा, असा आमचा आग्रह आहे. रंग भरणाऱ्याला ‘मला माहीत नव्हतं’ म्हणता येत नाही, आणि बायकोला रोज नकार द्यावा लागत नाही, तो वहीत आधीच दिसतो. विश्वपत्राच्या तेराव्या परिच्छेदात एक वाक्य आहे जे शिबिरात क्वचितच वाचून दाखवलं जातं: जोडीदाराची अवस्था आणि इच्छा न बघता लादलेलं मिलन हे खरं प्रेमाचं कृत्य नव्हेच. दारू पिऊन आलेला नवरा ‘गर्भनिरोधक वापरत नाही, म्हणजे मी शिकवणीप्रमाणे वागतो’ असं म्हणू शकत नाही. त्याने तीच शिकवण आधीच मोडलेली असते.

थांबायच्या दिवसांबद्दलही स्पष्ट बोलावं लागतं, कारण संकोचापोटी कोणी विचारत नाही. मिठी, जवळीक, एका अंथरुणात झोपणं यांतलं काही वर्ज्य नाही. वर्ज्य आहे ते मिलन सुरू करून मुद्दाम बाहेर संपवणं. ‘आम्ही काहीच वापरत नाही, फक्त वेळेवर थांबतो’ याला अनेक जण नैसर्गिक पद्धत समजतात. ती नैसर्गिक पद्धत नाही. शिकवणीत ती निरोधाच्याच रांगेत येते आणि भरवशाचीही नाही. आणि करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात संत पौल सांगतो की एकमेकांपासून दूर राहायचं ते दोघांच्या संमतीने आणि थोडा काळच. थांबणं ही शिक्षा म्हणून वापरायची गोष्ट नाही.

बाळंतपणानंतरचा काळ सगळ्यात फसवा. अंगावर पाजत असताना गर्भ राहत नाही हे अर्धसत्य आहे. तिन्ही अटी एकत्र लागतात: बाळ सहा महिन्यांच्या आतलं, पाळी परत आलेली नाही, आणि दिवसरात्र फक्त अंगावरचं दूध. तिन्ही असतील तर संरक्षण ९८ टक्क्यांच्या आसपास. आपल्याकडे तिसरी अट घरच्यांच्या मायेनेच मोडते. बाळगुटी, मध, उन्हाळ्यात चमचाभर पाणी, आणि आईला झोप मिळावी म्हणून रात्रीची बाटली. यांतलं काही सुरू झालं की त्याच दिवसापासून वही सुरू करायची. दोन आठवडे स्राव तसाच राहिला तर तो मूळ नमुना, मग एक दिवसाआडचा नियम लागू. पाळी येण्याआधीच बीज सुटू शकतं, म्हणून पाळीची वाट बघत बसायचं नाही. पीसीओडी असलेल्यांच्या आणि चाळिशी ओलांडलेल्यांच्या वह्या लांबट असतात, बदलाचे डाग पुन्हा पुन्हा येतात. नियम तेच राहतात, धीर जास्त लागतो.

औषधांबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. पाळीतल्या असह्य वेदना, गाठी, अतिरक्तस्राव यांसाठी डॉक्टरांनी हार्मोनच्या गोळ्या दिल्या तर त्या घेण्यात दोष नाही. आजारावरचा उपचार हाच हेतू असेल तर त्याने गर्भ राहत नाही हा दुय्यम परिणाम चालतो, हे ‘हुमाने व्हिते’च्या पंधराव्या परिच्छेदात आहे. आजारी गर्भाशय काढावं लागलं तर तेही उपचारच. बाळंतपणाच्या टेबलावर ‘आता दोन झाली, टाकू का ऑपरेशन करून?’ असा प्रश्न येतो तो मात्र उपचार नव्हे. दिवस भरत आल्यावर डॉक्टरांशी हे आधीच बोलून ठेवावं आणि नोंद कागदावर करून घ्यावी, कारण कळा सुरू असताना कोणाचीच सदसद्विवेकबुद्धी शांतपणे काम करत नाही.

आणि ऑपरेशन आधीच झालेलं असेल तर? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या सुमारे ३८ टक्के विवाहित स्त्रियांनी नसबंदी केलेली आढळली, आमच्या धर्मग्रामांतल्या बायका त्याला अपवाद नाहीत. त्यांतल्या कित्येकींना सही करताना कोणी नीट विचारलेलंही नव्हतं. शिकवण इथे जितकी स्पष्ट आहे तितकीच ती सौम्य आहे. अज्ञान, भीती, दबाव यांनी दोषाची जबाबदारी कमी होते, कधी जवळपास नाहीशी होते. पश्चात्ताप असेल तर पापनिवेदन (कन्फेशन) करावं, क्षमा पूर्ण मिळते. उलट ऑपरेशन करून घ्यायची सक्ती नाही, आणि वैवाहिक जीवन नेहमीसारखं पुढे चालू ठेवता येतं. वीस वर्षं कम्युनियन न घेता मागच्या बाकावर बसणाऱ्या बाईला हे कोणीतरी सांगायलाच हवं.

पापनिवेदन कसं करायचं, तेही थोडक्यात. किती दिवसांनी आलो, कोणती कृती, साधारण किती वेळा. एवढं पुरे. जोडीदाराचे दोष सांगायचे नाहीत, शरीराचे तपशील द्यायचे नाहीत, आणि धर्मगुरूंनीही ते विचारू नयेत. गुप्ततेचं बंधन धर्मगुरूंवर संपूर्ण आहे, ख्रिस्तसभेच्या कायद्याच्या ९८३ व्या कलमाने. पुन्हा पुन्हा पडतो म्हणून लाज वाटून जाणं बंद करू नये. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ मध्ये टप्प्याटप्प्याने वाढण्याचा मार्ग मान्य केला, आणि त्याच वेळी सावधही केलं की नियमालाच टप्पे पाडायचे नाहीत. म्हणजे आज न जमलेलं उद्या जमवायचं, पण आज न जमणारं आजपुरतं योग्य ठरवायचं नाही. ज्यांना प्रत्येक गोष्टीत पाप दिसतं, मोकळ्या दिवसांतही, त्यांनी एकच धर्मगुरू धरावेत आणि त्यांनी ‘झालं, सोडा’ म्हटलं की सोडावं. असा शंकेखोर सदसद्विवेक निष्काळजी सदसद्विवेकाइतकाच वाट चुकवतो.

जोडीदार ऐकत नसेल, किंवा कॅथॉलिक नसेल, तर? नाशिकमध्ये मिश्र विवाह पुष्कळ आहेत. १९९७ मध्ये व्हॅटिकनच्या कुटुंबविषयक परिषदेने पापनिवेदन ऐकणाऱ्यांसाठी काढलेल्या मार्गदर्शिकेत तीन अटी दिल्या आहेत. आपली स्वतःची कृती मुळात गैर नसावी. सहभागी होण्याला तितकंच मोठं कारण असावं, म्हणजे घर मोडण्याची भीती, मारहाण, विश्वासघाताचा धोका. आणि जोडीदाराचं मन वळवण्याचा प्रयत्न प्रार्थनेने, प्रेमाने, बोलण्याने चालू असावा, पण त्याच क्षणी किंवा प्रत्येक वेळी वाद घालायची गरज नाही. नवरा बाहेर संपवतो, बायको गोळी घेते, अशा वेळी दुसऱ्याला या अटी लावता येतात. निरोधाच्या बाबतीत पहिलीच अट अवघड होते, आणि तांबीसारखं साधन फलित बीजाला रुजू न देण्याचीही शक्यता असल्यामुळे तिथे जास्त काळजीपूर्वक विचार लागतो. या दोन्हींसाठी धर्मगुरूंशी स्वतंत्र वेळ घेऊन बोलावं, मिस्सा संपल्यावर दारात उभ्या उभ्या नाही.

मूल होत नाही म्हणून येणाऱ्यांना तीच वही उलटी वाचायला शिकवतो. बुळबुळीत दिवस आणि शिखर हेच गर्भ राहण्याची जास्त शक्यता असलेले दिवस, आणि अनेक जोडपी नेमकी तेव्हाच कामामुळे दूर असतात. तीन वह्या भरून डॉक्टरकडे नेल्या तर बीज केव्हा सुटतं आणि शिखरानंतर पाळीपर्यंत किती दिवस जातात हे त्यांना आयतं मिळतं. टेस्ट ट्यूबला ख्रिस्तसभेची मान्यता नाही, कारण तिथे मिलनाची जागा प्रयोगशाळा घेते. थायरॉइड, साखर, नळ्यांवरचे आणि शुक्राणूंच्या संख्येवरचे उपचार मात्र मोकळे आहेत.

पहिल्या भेटीला दोघांनी यावं, एकट्या बायकोला आम्ही शिकवत नाही. येताना वही, लाल, हिरवा आणि पिवळा स्केचपेन, मागच्या तीन पाळ्यांच्या तारखा आठवत असतील तर त्या, आणि चालू औषधांची चिठ्ठी. चार रकान्यांची पानं आणायची, पण आम्हाला दाखवायची नाहीत. दुसरी भेट दोन आठवड्यांनी, मग तीन महिने दरमहा, मग सहा महिन्यांनी. दुसऱ्या भेटीत आम्ही सगळ्यात आधी रंग कोणाच्या हाताने भरलेत ते बघतो.